लेखसंग्रहाची मुद्रणप्रत व तिची पृष्ठरचना

ऐतिहासिक कागदपत्रांचा संग्रह छापून निघाला म्हणजे त्याचा उपयोग मुख्यतः सूचीच्या द्वारें होत असतो. चारपांचशें पृष्ठांचा असा ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचणारे थोडे. बहुतेक अभ्यासक व्यक्तीचें किंवा स्थळाचें नांव सूचींत काढतात, त्यापुढें दिलेला पृष्ठांक पाहतात आणि तें पान उघडतात. तेथें तें नांव न सांपडल्यास सूची चुकली कीं आपण चुकलों याचा उलगडा होण्यास मार्ग नसतो, आणि पुष्कळदां अभ्यासक ‘सदर व्यक्तीचा उल्लेख या संग्रहांत नाहीं’ असें समजून पुढें जातो. दप्तरांतून बाहेर काढून छापलेला पुरावा अशा रीतीनें पुन्हां पुरला जातो. या अनर्थाचें मूळ अनेक ठिकाणीं मुद्रणप्रतीच्या पृष्ठरचनेंत असतें असें आमच्या पाहण्यांत आल्यावरून त्या विषयाचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

पूर्वीं कागद वाचून त्याची नक्कल करणारा निराळा आणि पानें लावणारा निराळा असे. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला किंवा सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या अवधींत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले, तेव्हां पानें लावण्याचें काम छापखान्यांतील जुळाऱ्याचें होतें. आतां मोडी वाचणें, बालबोधींत नक्कल करणें, टीपा देणें आणि पानें लावणें हीं चारही कामें बहुधा एकट्या संपादकावर येऊन पडतात. तो आपला मजकूर संगणकावर वर्डमध्यें किंवा लिब्रेऑफिस रायटरमध्यें लिहितो व तीच फाइल छापखान्याकडे जाते. जुळाऱ्याचें काम अंगावर आलें, त्याची विद्या मात्र हातीं आली नाहीं, अशी ही स्थिति आहे.

खिळ्यांच्या छपाईंत कोरी जागा ही देखील एक वस्तु होती. दोन शब्दांमधील अंतर, परिच्छेदाच्या प्रारंभींची सोड, दोन ओळींमधील फट, हें सर्व धातूचे तुकडे व पट्ट्या घालून साधावें लागे. मजकूर प्रथम लांबच लांब गॅलींत जुळवीत, त्याचीं मुद्रितें तपासून झाल्यावर त्याचीं पानें पाडीत व तीं चौकटींत आवळून बांधीत. पान एकदां बांधलें कीं तें सहसा हलत नसे. सूचीकार त्या बांधलेल्या पानांचीं मुद्रितें समोर घेऊन बसे. मागाहून एकादी ओळ वाढवावयाची झाल्यास किती पानें उकलावीं लागतील याचा हिशेब आधीं होई, आणि तो खर्चाचा असल्यामुळें संपादकहि हात आंखडता घेई. संगणकावर ही ओळ वाढविण्यास क्षणहि लागत नाहीं. परंतु चाळिसाव्या पृष्ठावर घातलेली ती ओळ पुढील साडेचारशें पृष्ठें हलवूं शकते, आणि तीं हललीं हें पडद्यावर कोणी सांगत नाहीं.

याचें कारण असें कीं, वर्डच्या फाइलींत पृष्ठ नांवाची वस्तु सांठविलेलीच नसते. तींत परिच्छेद असतात व त्यांस लागू असलेल्या सूचना असतात: अक्षर कोणतें व केवढें, दोन ओळींत अंतर किती, कागद केवढा, समास किती. फाइल उघडतांच संगणक या सूचनांवरून पृष्ठें नव्यानें मोजून काढतो. संपादकाच्या यंत्रावर असलेला फॉन्ट छापखान्याच्या यंत्रावर नसला तर त्या जागीं दुसरा योजला जातो, अक्षरांची रुंदी बदलते आणि सर्व मोजणी बदलते. सबब पडद्यावर दिसणारें पान हातानें सारखें करीत बसणें म्हणजे वाळूंत भिंत घालणें होय. ज्या सूचनेमुळें पान बिघडलें ती शोधून काढून नीट केली पाहिजे.

पहिलें काम न दिसणाऱ्या खुणा दृश्य करण्याचें. ‘होम’ या पट्टीवर उलट्या पी अक्षरासारखें एक चिन्ह आहे; तें दाबलें म्हणजे जेथें एंटर, टॅब, जागा किंवा पानतोड म्हणजे पेज ब्रेक असेल तेथें खूण उमटते. बहुतेक मुद्रणप्रतींचें अंतरंग या वेळीं उघडें पडतें. नवा लेख नव्या पानावर यावा म्हणून आठ वेळां एंटर दाबलेला असतो, आणि मोर्तबाची ओळ उजवीकडे सरकावी म्हणून चाळीस जागा सोडलेल्या असतात. मागील मजकूर दोन ओळींनीं वाढला कीं त्या आठ कोऱ्या परिच्छेदांपैकीं दोन पुढील पानाच्या डोक्यावर चढतात, आणि लेखांक तितका खालीं ढकलला जातो. हे कोरे परिच्छेद काढून टाकावे. अंतर पाहिजे असेल तेथें परिच्छेदाच्या आधीं वा नंतर किती पॉइंट सोडावयाचे हें त्याच्या सूचनेंतच द्यावें. मात्र हें झाडण्याचें काम आंधळेपणानें करूं नये. मूळ कागदांतच जेथें जागा कोरी सोडलेली होती तेथें ती एंटरनें दाखविलेली असल्यास, झाडतांना तो पुरावाहि नाहींसा होईल. तेथें ‘मुळांत चार बोटें कोरें’ असें कंसांत शब्दांनींच लिहिणें आम्हांस सुरक्षित वाटतें.

या सूचना परिच्छेदागणिक न देतां त्यांच्या समूहास नांव देऊन एकदांच ठरवितां येतात. त्यास स्टाइल म्हणतात. लेखसंग्रहास पांचसहा स्टाइल पुरतात: लेखांक, मितीची ओळ, मूळ मजकूर, शिक्कामोर्तब, संपादकाची टीप व तळटीप. लेखांकासाठीं वर्डची अंगचीच ‘हेडिंग’ ही स्टाइल घ्यावी, कारण अनुक्रमणिका तीवरून आपोआप तयार होते. मूळ मजकुराचें अक्षर एका पॉइंटनें कमी करावेंसें वाटलें तर स्टाइलमध्यें एक आंकडा बदलतांच पांचशें लेख एकदम बदलतात, हा सोयीचा भाग झाला. आमच्या दृष्टीनें याहून मोठा लाभ असा कीं, मूळ कागदाचे शब्द कोणते आणि संपादकाचे कोणते, हा भेद फाइलींत परिच्छेदागणिक नोंदला जातो. केवळ तिरकें अक्षर वापरून दाखविलेला भेद फॉन्ट बदलतांना किंवा मजकूर दुसरीकडे नेतांना सहज पुसला जातो.

स्टाइल ठरवितांनाच ‘पॅराग्राफ’च्या चौकटींतील ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’ हा भाग पाहावा. ‘लेखांक ११२’ ही ओळ पानाच्या तळाशीं एकटी राहून पत्र पुढील पानावर सुरू व्हावें, हा दोष नित्याचा आहे. लेखांक व मिती या दोन स्टाइलना ‘कीप विथ नेक्स्ट’ ही खूण केली म्हणजे तीं पुढील परिच्छेदाला धरून राहतात. परिच्छेदाची एकच ओळ पानाच्या डोक्यावर किंवा तळाशीं लोंबत राहूं नये यासाठींहि तेथेंच खूण आहे. ती ठेवल्यास कांहीं पानें एका ओळीनें आंखूड भरतात. तीं भरूं द्यावीं. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर हवें असल्यास त्या शीर्षकाच्या स्टाइलमध्यें ‘पेज ब्रेक बिफोर’ सांगावें, म्हणजे हातानें पानें तोडावीं लागत नाहींत.

देवनागरीच्या कांहीं अडचणी निराळ्या आहेत, व इंग्रजींतील मार्गदर्शक पुस्तकांत त्यांची वाच्यता क्वचितच असते. वर्ड देवनागरीस ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ या वर्गांत धरतो आणि त्या वर्गासाठीं फॉन्ट व अक्षराचा आकार यांच्या नोंदी रोमन लिपीच्या नोंदींहून वेगळ्या ठेवतो. स्टाइलमध्यें १४ पॉइंट लिहिले तरी मराठी मजकूर हलत नाहीं, अशी तक्रार ऐकूं येते; ती नोंद रोमन अक्षरापुरती झालेली असते. फॉन्टच्या चौकटींत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा निराळा भाग असतो. आंकडा तेथें भरला पाहिजे. लिब्रेऑफिसमध्यें हाच भेद सीटीएल या नांवानें आहे.

दुसरी अडचण ओळीच्या उंचीची. आपल्या लिपींत शिरोरेघेवर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, आणि खालीं उकार व जोडाक्षरांचीं पाऊलें असा दुहेरी पसारा असल्यामुळें फॉन्ट करणारे ओळीची उंची आपापल्या अंदाजानें ठरवितात. ओळींचें अंतर ‘सिंगल’ ठेवल्यास तें फॉन्टप्रमाणें बदलतें. दुसरीकडून उचलून आणलेल्या मजकुरांतील एकच रिकामी जागा निराळ्या, उंच फॉन्टची असली तरी तेवढी ओळ फुगते, आणि डोळ्यांना कारण दिसत नाहीं. यासाठीं अंतर ‘एक्झॅक्टली’ या पर्यायानें पॉइंटांत बांधून द्यावें. उदाहरणार्थ, साडेआठ बाय साडेपांच इंचांच्या डेमी अष्टपत्री पानाची उंची ६१२ पॉइंट होते. वर व खालीं पाऊण पाऊण इंच समास सोडला तर ५०४ पॉइंट उरतात. १८ पॉइंटांची ओळ धरल्यास पानावर बरोबर २८ ओळी बसतात व समोरासमोरच्या पानांवरील ओळी एका रेषेंत येतात. मात्र हें अंतर फार कमी केल्यास ‘र्कीं’सारख्या अक्षराचा माथा कापला जातो. अनुस्वार कापला गेल्यास एकवचनाचें अनेकवचन ओळखूं येईनासें होतें, म्हणून असलीं अक्षरें एका कागदावर छापून पाहिल्यावांचून आंकडा कायम करूं नये.

तिसरी अडचण जुन्या फाइलींची. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली व देवनागरीस तींत स्थान होतें. तथापि मराठी छापखान्यांत त्यानंतरहि पुष्कळ वर्षें जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालू राहिले. त्यांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या घरांत बसविलेले असल्यामुळें फॉन्ट बदलतांच मजकुराचीं निरर्थक रोमन अक्षरें होतात. असा मजकूर पृष्ठरचनेस हात घालण्यापूर्वीं युनिकोडमध्यें आणून घ्यावा, कारण परिवर्तनानें ओळींची लांबी बदलते. परिवर्तित मजकूर मुळाशीं ताडून पाहतांना रफाराकडे विशेष लक्ष द्यावें. जुन्या पद्धतींत तो अक्षरानंतर टंकिलेला असतो व युनिकोडमध्यें अक्षराच्या आधीं नोंदावा लागतो. ही अदलाबदल चुकल्यास रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. ‘कऱ्हाड’, ‘बऱ्हाणपूर’ या नांवांतील चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्यें दोन प्रकारांनीं लिहितां येतो. दोन्ही प्रकार कागदावर सारखेच दिसतात, पण संगणक त्यांस भिन्न शब्द मानतो, आणि सूचींत कऱ्हाड दोनदां येऊन त्याचे पृष्ठांक दोहोंत वांटले जातात. कोणताहि एक प्रकार ठरवून शोध-बदलाच्या साधनानें सर्वत्र तोच करावा.

आतां सेक्शनचा विषय. आमच्या मतें दीर्घ मुद्रणप्रतीचें सर्वांत अधिक नुकसान याच्या अज्ञानामुळें होतें. कागदाचा आकार, समास, पानाचा उभेआडवेपणा, पानाच्या डोक्यावरील व तळाशीं असलेला मजकूर आणि पृष्ठांकांचा प्रकार या गोष्टी सेक्शनच्या मालकीच्या असतात. प्रस्तावनेचे पृष्ठांक निराळे व मूळ ग्रंथाचे १ पासून नवे हवे असतील तर त्या दोहोंमध्यें सेक्शन ब्रेक घालावाच लागतो. साध्या पेज ब्रेकनें तें होत नाहीं. भोंसल्यांची किंवा पटवर्धनांची विस्तृत वंशावळ आडव्या पानावर द्यावयाची असल्यास तिच्या आधीं एक व नंतर एक असे दोन ब्रेक लागतात.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवली पाहिजे. सेक्शनची सर्व माहिती त्याच्या शेवटच्या ब्रेकमध्यें सांठविलेली असते. अखेरच्या सेक्शनची माहिती ग्रंथाच्या शेवटल्या परिच्छेदाच्या खुणेंत असते. त्यामुळें दोन सेक्शनमधील ब्रेक खोडला कीं मागील सेक्शन आपली रचना गमावून पुढच्याची रचना घेतो. वंशावळीच्या आधींचा ब्रेक ‘निरर्थक रेघ’ समजून खोडला तर मागील दोनशें उभीं पानें एकदम आडवीं होतात. घाबरलेला संपादक मग तीं पुन्हां उभीं करण्याच्या खटपटींत वंशावळहि उभी करून बसतो. अशा वेळीं प्रथम ‘अनडू’ करावें आणि खुणा दृश्य करून कोणता ब्रेक कोठें आहे हें पाहावें. तसेंच, नव्या सेक्शनचा हेडर मागच्याशीं जोडलेलाच जन्मास येतो. ‘लिंक टु प्रीव्हियस’ ही जोड तोडल्यावांचून त्यांत बदल केला तर तो बदल मागील सेक्शनांतहि होतो. प्रस्तावनेच्या पानांवर ‘परिशिष्टें’ असें शीर्षक छापलेलें दिसतें त्याचें कारण बहुधा हेंच. हेडर व फूटर यांची जोड निरनिराळी असते, तेव्हां दोन्ही पाहावे.

हेडरचा प्रसंग आला आहे तर लेखसंग्रहास विशेष उपयोगी पडणारी एक सोय सांगतों. वर्डमध्यें ‘स्टाइलरेफ’ नांवाचें एक फील्ड आहे. तें हेडरमध्यें घालून त्यास लेखांकाच्या स्टाइलचें नांव दिलें म्हणजे प्रत्येक पानाच्या डोक्यावर त्या पानावरील पहिला लेखांक आपोआप उमटतो; पानावर नवा लेख सुरू होत नसेल तर मागून चालत आलेल्या लेखाचा अंक येतो. यासाठीं लेखांकाच्या परिच्छेदांत अंकाशिवाय दुसरें कांहीं लिहूं नये. मिती पुढील ओळीस द्यावी. पानें कितीहि हललीं तरी हा अंक खरा राहतो.

हिशेबी कागदांविषयीं थोडें. तेरीज, ताळेबंद, जमाखर्च यांतील रकमा जागा सोडून सोडून एकाखालीं एक आणण्याचा प्रयत्न पुष्कळ करतात. अक्षरांची रुंदी भिन्न असल्यामुळें व दोन्ही कडा सारख्या केल्या असतां जागा ताणल्या जात असल्यामुळें ती उतरंड टिकत नाहीं, आणि शेंकड्याची रक्कम हजाराच्या रकान्याखालीं गेली तर छापलेला हिशेब खोटा ठरतो. असे कागद टेबलांतच बसवावे. टेबल पुढील पानावर गेल्यास शीर्षकाची ओळ पुन्हां यावी अशी खूण करावी. टेबल ग्रंथभागाच्या अगदीं शेवटीं असल्यास त्यामागें एक परिच्छेद राहतोच, व त्यापायीं एक कोरें पान वाढतें. तो परिच्छेद काढतां येत नाहीं, त्याचें अक्षर एक पॉइंट करावें. कागदांचीं छायाचित्रें मजकुराच्या ओळींतच बसवावीं, तरंगतीं ठेवूं नयेत.

कांहीं बदल संगणक न विचारतां करतो. फाटक्या कागदांत जितकीं अक्षरें गेलीं तितकीं टिंबें देण्याची कित्येक संपादकांची पद्धति आहे. वर्ड आपल्या ‘ऑटोकरेक्ट’च्या खोडीनें तीन टिंबांचें एक चिन्ह करून टाकतो. पुढें फॉन्ट बदलला कीं त्या चिन्हांतील टिंबांचें अंतर इतर टिंबांहून निराळें दिसूं लागतें, आणि किती अक्षरें गेलीं हें मोजणें कठीण होतें. नकलेचें काम सुरू करण्यापूर्वींच ही सोय बंद करावी.

तळटीपा ‘इन्सर्ट फुटनोट’ या आज्ञेनेंच द्याव्या. हातानें बारीक अंक काढून पानाच्या तळाशीं टंकिलेली टीप पान हलतांच दुसऱ्याच पत्राखालीं जाऊन पडते, आणि एका कारकुनाची ओळख दुसऱ्याच्या नांवावर लागते.

शेवटीं सूचीचें काम. ग्रंथांतर्गत निर्देश शक्य तेथें पृष्ठांकानें न करतां लेखांकानें करावे. राजवाड्यांच्या खंडांतील कागद अभ्यासक खंड व लेखांक देऊन सांगतात, आणि असा निर्देश पानांची मांडणी बदलली तरी लटका पडत नाहीं. तथापि मागाहून मिळालेला कागद मध्येंच घातला तर लेखांकहि सरकतात. म्हणून ते हातानें न लिहितां आपोआप पडतील असे ठेवावे व ‘पाहा लेखांक अमुक’ हा निर्देश ‘क्रॉस-रेफरन्स’ या साधनानें द्यावा. पृष्ठसूची करावयाची असल्यास मजकुरांतील नांवावर ‘मार्क एंट्री’नें खूण करीत जावें, त्याच वेळीं व्यक्तीचें रूढ नांव, उपनांव व स्थळांचीं पाठभेदानें आलेलीं रूपें एका नोंदीखालीं आणतां येतात. हें काम यंत्राचें नव्हे. ‘भाऊ’ हा शब्द शोधून यंत्र सदाशिवरावभाऊ, परशुरामभाऊ व कोणाचा तरी सख्खा भाऊ यांस एकाच ओळींत बसवील.

या सर्वांचा क्रम महत्त्वाचा आहे. कागदाचा आकार व समास सर्वांच्या आधीं ठरवावे. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरच्या पानावर सर्व रचना करून अखेरीस डेमी करणें म्हणजे काम दोनदां करणें. मग युनिकोड, मग स्टाइल, मग सेक्शन, त्यानंतर मजकुराचें शेवटचें शोधन. शोधन संपल्यावरच सर्व मजकूर निवडून फील्डें ताजीं करावीं, म्हणजे अनुक्रमणिका, निर्देश व सूची हीं त्या क्षणींच्या पानांशीं जुळतात. वर्ड हीं फील्डें प्रत्येक बदलाबरोबर आपण होऊन ताजीं करीत नाहीं. आम्ही प्रारंभीं सांगितलेल्या पुष्कळ चुकलेल्या सूची एवढ्या एका कारणानें चुकलेल्या असतात. अनुक्रमणिका व सूची लांबल्यामुळें पानें पुन्हां सरकण्याचा संभव असतो, म्हणून हें दोनदां करावें आणि सूचींतील पंचवीस-तीस नोंदी कोठून तरी उचलून पानांशीं ताडून पाहाव्या.

छापखान्याकडे पीडीएफ पाठवावी व तींत फॉन्ट अंतर्भूत आहेत याची खात्री करून घ्यावी. पीडीएफमध्यें पान चौकटींत बांधल्याप्रमाणें स्थिर होतें. वर्डची फाइल पाठविल्यास तेथील यंत्र पानें पुन्हां मोजील. छापखान्यानें एकादी दुरुस्ती सुचविल्यास ती पीडीएफवर न करतां मूळ फाइलींत करून नवी पीडीएफ काढावी, आणि ग्रंथ छापून झाल्यावर मूळ फाइल, वापरलेले फॉन्ट व अखेरची पीडीएफ हीं तिन्ही एकत्र करून संस्थेच्या संग्रहांत मूळ कागदांच्या यादीबरोबर ठेवावीं.